मी गाळलेली एक ओळ

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळत आलो. टाळणं अवघड गेलं नाही, कारण कोणी विचारतच नव्हतं. ज्यांनी विचारायला हवं होतं त्यांनी उत्तर आधीच ठरवून टाकलं होतं, आणि ते उत्तर मला सोयीचं होतं. निवृत्तीनंतर सोसायटीच्या बाकावर आम्ही म्हातारे नोकरीतले किस्से सांगत बसतो. न्हावा शेव्याजवळच्या एका यार्डाचं गेट बंद पडल्याचा किस्सा मी तिथेही सांगितला आहे, पण दरवेळी मला हव्या त्या जागी थांबवून. आता सत्तरी मागे पडली. पूर्ण सांगतो.

आमची सॉफ्टवेअर कंपनी महाप्याला होती. लहानशी, एका मजल्यावर मावणारी. मालक कोल्हापूरकडचे, माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान, म्हणून ते मला ‘काका’ म्हणायचे आणि त्यांचं ऐकून सगळं ऑफिस. फक्त एक मुलगी ‘सर’ म्हणायची. ती करावे गावची. वडील आणि आजोबा खाडीत मासेमारी करणारे. इंजिनिअर होऊन ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसणारी ती त्यांच्या घरातली पहिलीच. ही गोष्ट तिचीच आहे.

एका कंटेनर यार्डाचं काम आमच्याकडे आलं होतं. ट्रेलरच्या ड्रायव्हरने मोबाईलवर गेटची वेळ घ्यायची, गेटवर नंबर दाखवायचा, वजनकाट्यावर गाडी चढवायची आणि आत जायचं. या कामाचे दोन भाग होते. एक सर्व्हर, म्हणजे दारावरचा माणूस समजा. ड्रायव्हरच्या मोबाईलवरून मागणी आली की ती तो आत देतो आणि आतून आलेलं उत्तर बाहेर पोचवतो. तो मी लिहिला होता, पुष्कळ वर्षांपूर्वी, वजनकाट्याच्या जुन्या यंत्रांशीही बोलता यावं म्हणून. दुसरा भाग आतला, ॲप्लिकेशन. मागणी वाचायची, डेटाबेसमधून माहिती काढायची, उत्तर तयार करायचं. तो तिने लिहिला होता.

या दोघांनी एकमेकांशी कसं वागायचं याचं एक स्टँडर्ड असतं. जगभर मान्य असलेलं, आमचं नव्हे. आतल्याने आधी काम झालं की नाही ते सांगायचं, मग उत्तराचे तुकडे एकेक करून द्यायचे. उत्तर पूर्ण पोचो किंवा पलीकडच्याचा फोन मध्येच तुटो, शेवटी सर्व्हरने आतल्याला ‘झालं, आता आवर’ असा निरोप द्यायचाच. तो निरोप मिळाला की ॲप्लिकेशन हातातलं डेटाबेसचं कनेक्शन सोडतं. कनेक्शन मोजकीच असतात. निरोप आला नाही, तर आतला बिचारा ते धरून बसून राहतो आणि पुढच्या मागणीला ते मिळत नाही.

दोन्ही बाजू हे सगळं पाळतात की नाही हे बघायला तिने मध्ये एक चेकर बसवला. ती तयार मिळणारी वस्तू आहे, छोटासा प्रोग्राम. सर्व्हरला तो ॲप्लिकेशन वाटतो आणि ॲप्लिकेशनला सर्व्हर. दोघांमध्ये उभा राहून तो ऐकतो, आणि कोणी नियम मोडला की तिथल्या तिथे काम थांबवून बोंब मारतो. पहिल्या आठवड्यात त्याने तिला इतकं छळलं की चहाच्या वेळी ती म्हणाली, “सर, हा माझ्या आत्यासारखा आहे. काय पण करा, नाक मुरडणारच.”

“आत्याचं ऐकावं,” मी म्हणालो.

“ऐकतेच आहे ना. न ऐकून जाते कुठे.”

तिने खरंच ऐकलं. एकेक तक्रार मिटवत गेली. शेवटी एकच उरली, आणि तिची तऱ्हा वेगळी होती. बाकीच्या चुकांवर चेकर जागीच अडवायचा. ही ओळ मात्र सगळं उरकल्यावर, कधीतरीच, हळूच यायची: एक उत्तर ‘आवर’ न म्हणताच टाकून दिलं गेलं. कुठल्या मागणीचं, केव्हाचं, ते त्यात नसायचं. कारण निरोप आलाच नाही हे चेकरला कळतं तेच मुळी ते उत्तर केरात जाताना.

भर ऑफिसात तिने मला विचारलं, “सर, ही ओळ बघितली? तुमच्या बाजूची असेल का?”

मी स्क्रीनकडे न बघताच म्हणालो, “सर्व्हर इतकी वर्षं चालतोय. तुझ्याकडे बघ आधी.”

ती बघत बसली. स्वतःचं कोड ओळ न् ओळ. मी ते रोज पाहत होतो.

आमच्या ऑफिसात खंडेनवमी कडक पाळत. मालकांच्या घरी तलवारी पुजायचे म्हणे, इथे सर्व्हरची मशीन आणि आमचे लॅपटॉप पुजत. झेंडूची माळ, हळदकुंकू. एकदा पूजा झाली की दसऱ्याला दुपारी सोनं लुटेपर्यंत कोडला कोणी हात लावायचा नाही. अवजाराला विश्रांती. नवीन मुलं हसायची, पण हा नियम कोणी मोडल्याचं मला आठवत नाही. त्या वर्षी मालकांनी ठरवलं की यार्डाचं काम दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू करायचं. खंडेनवमीच्या पूजेला यार्डाचे मॅनेजर येणार, त्यांना भिंतीवरच्या पडद्यावर चेकरचा रिपोर्ट दाखवायचा. पूर्ण हिरवा. म्हणजे जे काय दुरुस्त करायचं ते पूजेच्या आधी.

आदल्या दिवशी दुपारी मालक माझ्या टेबलाशी आले. “काका, ती एक पिवळी ओळ आहे अजून.”

“बघतो,” मी म्हणालो, आणि पहिल्यांदा खरंच बघितलं.

मला फार वेळ लागला नाही. पलीकडचा फोन मध्येच तुटला की माझा सर्व्हर वेगळ्या वाटेने बाहेर पडत होता, आणि त्या वाटेवर ‘आवर’ म्हणायचं राहिलं होतं. मीच लिहिलेलं. ते लिहिलं तेव्हा स्टँडर्ड मी नीट वाचलंसुद्धा नव्हतं. दुरुस्ती लहान होती, पण अगदी पोटातल्या जागी. तिथे हात घातला की वजनकाट्यासकट सगळं पुन्हा तपासायला हवं, आणि हातात एक संध्याकाळ. मालकांना जाऊन सांगायचं तर मुहूर्त जाणार. आणि खरं सांगायचं तर मुहूर्ताची मला तितकी फिकीर नव्हती. ‘तुझ्याकडे बघ’ असं मी त्या मुलीला सगळ्यांसमोर म्हणालो होतो, ते मला गिळता येत नव्हतं.

मी रिपोर्ट बनवणारा प्रोग्राम उघडला आणि त्यात एक अट टाकली. ही अमुक ओळ आली तर दाखवू नको. रिपोर्ट हिरवा झाला. मनाशी म्हणालो, दसऱ्यानंतर करू.

थोड्या वेळाने ती जवळजवळ पळतच आली. “सर, गेली ती ओळ. सकाळी मी एक फंक्शन बदललं होतं, त्यानेच गेली असणार.”

“छान,” मी म्हणालो.

दसऱ्याच्या दुपारी तिने माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि वाकून नमस्कार केला. पाय मागे घ्यावेत असं वाटलं, पण घेतले नाहीत.

सुरुवातीला काम छान चाललं. सुट्ट्या होत्या, गाड्या कमी होत्या. चालू गेटवर चेकर ठेवत नाहीत, त्याने काम मंदावतं, म्हणून तो आम्ही काढून घेतला होता. दुरुस्तीचं मी रोज उद्यावर टाकत होतो. चालत्या गाडीचं चाक कशाला काढा, असं स्वतःला समजावत होतो. मग दिवाळीच्या तोंडावर माल वाढला. कंटेनरांच्या थप्प्या चढल्या की त्यांच्यामधल्या गल्ल्यांत मोबाईलची रेंज जाते. ड्रायव्हर पान उघडायचा, अर्धं यायचं, तुटायचं, तो पुन्हा दाबायचा. तुटलेल्या प्रत्येक मागणीमागे एक कनेक्शन आत अडकून राहत होतं. ऑफिसात बसून तपासताना रेंज कधी जात नव्हती, म्हणून तिथे ही ओळ कधीतरीच दिसायची.

एका सकाळी मॅनेजरचा फोन आला. “साहेब, गेट बंद आहे. नुसतं चक्र फिरतंय. ट्रेलर उरण रोडला लागलेत, पोलीस मला विचारतायत. या तुम्ही इथे.”

मी आणि ती ऑफिसच्या गाडीने निघालो. वाटेत तिने सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करवला. गेट उघडलं. आम्ही पोचेपर्यंत पुन्हा बंद. गेटच्या केबिनला ड्रायव्हरांनी गराडा घातला होता. ती आत स्टुलावर बसली, मांडीवर लॅपटॉप. एक जण खिडकीत डोकं घालून म्हणाला, “म्याडम, नारळ फोडा एक. आमच्या गाडीला फोडतो आमी, पळते.”

“फोडलाय,” ती मान वर न करता म्हणाली.

“मग खोबरं कोनी खाल्लं?”

बाहेर हशा पिकला. ती हसली नाही. थोड्या वेळाने तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता. “सर, सगळी कनेक्शन माझ्याच बाजूला अडकलीत. मी सोडतच नाहीये.”

“हं.”

“पण चेकर तर हिरवा होता ना?”

मी खिडकीतून बाहेर बघत होतो. कंटेनर उचलणारी क्रेन मधोमध थांबली होती.

“परत लावू या का चेकर? इथेच, चालू गेटवर? पाच मिनिटं. कोण मोडतंय ते कळेल.”

“नको. आधीच सगळं अडकलंय, आणखी थांबेल.”

यात अर्धं खरं होतं. चालू गेटवर चेकर लावणं धोक्याचंच. पण लावला असता तर ती ओळ तिच्या डोळ्यांसमोर आली असती, थेट, माझ्या अटीतून न गाळता. मी नको म्हणालो ते त्याच्यासाठी.

दिवसभर ती सर्व्हर बंद-चालू करत राहिली आणि गेट रडतखडत चाललं. तिच्या गावातल्या एका नातलगाचा ट्रेलर त्याच रांगेत होता. संध्याकाळी निघताना तो तिला म्हणाला, “तुजाच कॉम्प्युटर काय गं हा?” तिने लॅपटॉप पिशवीत घातला. गाडीत ती पुढे बसली होती, मी मागे.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या केबिनमध्ये आम्ही तिघे आणि मॅनेजर. मॅनेजरचं म्हणणं सरळ होतं. जबाबदार कोण ते सांगा, नाहीतर आम्ही काम काढून घेतो. मालकांनी तिच्याकडे बघितलं.

“कनेक्शन माझ्या ॲप्लिकेशनमध्ये अडकली,” ती म्हणाली. “का ते अजून कळलं नाही. मला वेळ द्या, सापडेल.”

“किती वेळ?”

“माहीत नाही.”

“गेट तेवढा वेळ थांबेल का?” मॅनेजर म्हणाले.

मालक माझ्याकडे वळले. “काका, तुम्ही बोला. सर्व्हरच्या बाजूने काही आहे का?”

ती माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत संशय नव्हता, आशा होती. सरांना काहीतरी सुचेल, अशी.

“सर्व्हरच्या बाजूने काही दिसत नाही,” मी म्हणालो. “रिपोर्ट सगळ्यांनी बघितलाय.”

तिने मान खाली घातली. “मग माझंच राहिलं असेल कुठेतरी.”

मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला काढून टाकलं नाही, राजीनामा द्यायला सांगितलं. तिने तो त्याच दिवशी दिला. निघताना माझ्या टेबलाशी आली. “सर, ते फंक्शन परत एकदा बघा. मला अजून वाटतं तिथेच काहीतरी आहे.” तिथे काही नव्हतं. मी बघतो म्हणालो.

त्यानंतर मी जे केलं ते गप्प बसण्याहून वाईट होतं. त्याच आठवड्यात मी सर्व्हर दुरुस्त केला. वेग वाढवण्यासाठी थोडे बदल केले, असं सांगितलं. रिपोर्टमधली अटही काढून टाकली. गेट पुन्हा कधी तसं अडकलं नाही. लोकांना दिसलं ते एवढंच, की ती गेली आणि काम सुरळीत झालं. ऑफिसात नव्या मुलांना तिचं उदाहरण द्यायचे: कनेक्शन सोडायला विसरलं की काय होतं बघा. मी ते ऐकायचो आणि चहा प्यायचो. माझ्या दुरुस्तीने तिच्यावरचा आरोप सिद्ध केला.

माझ्या ओळखीच्या एका कस्टम्स एजंटकडे मी तिला काम लावून दिलं. बिलं भरायची, कागद तपासायचे. कोड लिहायचं काम नव्हतं. तिने फोन करून आभार मानले. तेव्हा वाटलं, चला, थोडं तरी फिटलं. काही फिटलं नव्हतं.

वर्षं गेली. कंपनी दुसऱ्या कोणी घेतली, मी निवृत्त होऊन सीवूड्सला राहायला आलो. परवाच्या गणपतीआधी मॉलच्या दाराशी तिने मला ओळखलं. केसांत पांढरं दिसत होतं. हातात मखराच्या सामानाच्या पिशव्या. “सर, इतक्या जवळ राहता आणि आला नाहीत कधी. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी या, करावेला. कोणालाही घर विचारा.”

मी ठरवूनच गेलो. आंघोळ करताना, कपडे करताना, रिक्षात, एकेक वाक्य घोळवत होतो. घरात पाहुण्यांची ये-जा होती. तिच्या आईने पाण्याचा तांब्या पुढे केला. “तुमीच ते सर काय? पानी घ्या. हिचं काम गेलं तवा तुमीच लावलं ना दुसरं? येवढं कोन करतंय. ही नेमी नाव काढते तुमचं.”

मी पाणी प्यायलो.

प्रसाद झाल्यावर ती माझ्याबरोबर बाहेर ओट्यावर येऊन बसली. आत आरत्यांची पुस्तकं शोधायची गडबड चालली होती. आमच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी विचारलं, “पुन्हा कधी कोड लिहिलंस का?”

“नाही सर.” तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं. “सुरुवातीला घरी बसून शोधायचे. ते अख्खं ॲप्लिकेशन डोक्यात पाठ होतं. शोधलं शोधलं, नाही सापडलं. मग म्हटलं, ज्याला स्वतःची चूक सापडत नाही त्याने यात पडू नये. माझी ती कुवत नव्हती. लवकर कळलं ते बरं झालं. दुसऱ्या कोणाचं आणखी मोठं नुकसान झालं असतं.”

ती थांबली. आता माझी पाळी होती. ती माझ्याकडे बघत होती, घाई नव्हती, मध्ये कोणी आलं नाही. एवढी मोकळी जागा मला आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हती हे त्या क्षणीही कळत होतं.

मी विचारलं, “खाडीत मासा मिळतो का अजून?”

“कमी झालाय,” ती म्हणाली. “पण मिळतो. थांबा, आईला सांगते, गणपती गेल्यावर पाठवू तुमच्याकडे.”

ती उठून आत गेली. थोड्या वेळाने मी सगळ्यांचा निरोप घेतला. ती कोपऱ्यापर्यंत सोडायला आली, रिक्षावाल्याला पत्ता नीट समजावून सांगितला, आणि रिक्षा वळेपर्यंत उभी राहिली. तिला जे सांगायला मी गेलो होतो ते असं होतं:

तुझं कोड बरोबर होतं. तुला चूक सापडली नाही, कारण ती तुझ्याकडे नव्हतीच. ती माझ्या सर्व्हरमध्ये होती, आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवसापासून मला माहीत होती. चेकर सांगत होता, मी त्याची ओळ गाळली. केबिनमध्ये तू माझ्याकडे बघत होतीस तेव्हाही मला सगळं माहीत होतं. तुझ्या कुवतीत काही कमी नव्हतं, बाळ. मला माफ कर.